बाराची मोजणी

बाळांनो, मी प्रयोगशाळेत नेमकं काय करत होते हे तुम्ही फोनवर विचारता आणि मी टाळते. त्या कामाची आठवण काढली की अजूनही डोळे दुखतात.

ऐंशीनंतरच्या त्या वर्षांत वसईतल्या कॉलेजात मी काळा आजार या रोगाच्या परजीवींवर प्रबंध करत होते. सव्वीस अंशांच्या पेटीत वाढवलेले ते सूक्ष्म जीव चाळीस अंशांच्या पाण्यात ठेवायचे आणि दर दोन तासांनी किती जगले ते मोजायचं. थेंबात निळा रंग मिसळला की मेलेली पेशी निळी होते, जिवंत पेशी रंग आत घेत नाही. मात्र लगेच मोजावं लागतं; उशीर झाला तर त्या रंगानेच जिवंतही मरतात.

माझी दुपारी बाराची मोजणी नेहमी बिघडायची. बाराला निम्मे मेलेले, दोनला पुन्हा बहुतेक जिवंत. माझे मार्गदर्शक सर जूनमध्ये निवृत्त होणार होते; प्रबंध त्याआधी जायला हवा होता. आकडे बघून ते म्हणाले, “तुम्हा ख्रिस्ती लोकांत मेलेला तिसऱ्या दिवशी उठतो ना? हे तर दोन तासांतच उठले.”

माझ्यात हसायचंही त्राण नव्हतं. पहाटे स्वयंपाक, सासूबाईंचं औषध, मग दिवसभर सूक्ष्मदर्शक. थर्मामीटर बदलला, रंग नवा केला. फरक नाही.

ईस्टरच्या आदल्या शनिवारी कॉलेज उघडं होतं. त्या दिवशी बाराचा आकडा बरोबर आला. मग लक्षात आलं, आमच्या देवळाची, म्हणजे चर्चची, बाराची घंटा वाजलीच नव्हती. गुरुवार संध्याकाळपासून ईस्टरपर्यंत ती वाजत नाही.

एरवी मी वेळेआधी तयार असावं म्हणून बाराला पाच मिनिटं असतानाच रंग मिसळायची. घंटा झाली की उभी राहून प्रार्थना म्हणायची, आणि मग दमून खुर्चीत जराशी टेकायची. तेवढ्यात थेंबातले जीव मरत.

सरांना सगळं सांगितलं. बाराची ओळ गाळून टाक, कोण विचारतंय, असं ते म्हणाले. मला मोह झाला. पण चारलाही मी दमलेलीच असायची. तेव्हा टेकले नसेन कशावरून?

“सगळं पुन्हा करते,” मी म्हणाले.

“मग तुझा प्रबंध माझ्या हातून जायचा नाही.”

नाहीच गेला. सोमवारी पहिल्यापासून सुरुवात केली. आधी घंटा, मग प्रार्थना, मग रंग. सूक्ष्मदर्शकापाशी स्टूल तेवढं राहू दिलं. खुर्ची उचलून व्हरांड्यात ठेवली.