चौतीस सारखे, सहा वेगळे

अल्जीरियातल्या कुसंतिना शहराच्या रेल्वे दवाखान्यात वसिला गेंदूझ बावीस वर्षं इंजिन ड्रायव्हरांची परीक्षा घेत होती. दिवा लागला की बटण दाबायचं, चाळीस वेळा. यंत्र दर खेपेला लागलेला वेळ मोजायचं आणि शेवटी सरासरी काढायचं. नियमात सरासरीच होती. वसिला मात्र चाळीसही आकडे वाचायची. एखाददुसऱ्या वेळी मठ्ठ माणूसही विजेसारखं बटण दाबतो, हे तिला अनुभवानं ठाऊक होतं. तल्लख माणूस कळतो तो त्याच्या सगळ्यात वाईट आकड्यावरून. तो चांगल्या आकड्यापासून फार लांब जात नाही.

सी लख्दर, म्हणजे आपल्याकडचे लख्दरराव, अशा तल्लखांतले. अल्जियर्सची गाडी नेणारे, बुद्धिबळात अख्ख्या कॅफेला पाणी पाजणारे. त्यांचे आकडे दर वर्षी एका साच्यातून काढल्यासारखे. त्या वर्षी चौतीस तसेच आले, सहा भलतेच लांबले. दुसऱ्या दिवशी तिनं त्यांना परत बोलावलं. पुन्हा तेच.

डॉक्टरांनी कागद पाहिला. चौतिसांच्या जोरावर सरासरी उत्तम होती. नियमात नाही ते कशाच्या आधारावर लिहू, म्हणाले. सहा महिन्यांनी पुन्हा तपासा, एवढंच त्यांनी लिहिलं.

मग तिनं सी लख्दरांनाच खरं सांगितलं, गाडी चालवणं सोडा म्हणून विनवलं. ते टोपी हातात फिरवत बसले.

"मला कळतं गं पोरी. मधेच दिवा दिसतो, पण तो कशाला लागलाय तेच सुचत नाही. उरलेल्या चौतीस वेळा तर मी मीच असतो ना?"

"गाडीला ते सहा पुरतात, सी लख्दर."

"घरी बसलो तर चौतीसही जातील."

 गाडी चालवायला लायक, या कागदावर सही तिनंच केली.

पाच महिन्यांनी भर दुपारी त्यांनी गव्हाच्या शेतांमध्ये गाडी थांबवली आणि सहायकाला विचारलं, आपण कुठं निघालोय? कुणाला इजा झाली नाही. सहायकानं गाडी पुढं नेली. चौकशीत वसिलाचा कागद निर्दोष ठरला, साहेबांनी तिची पाठ थोपटली. ती खाली मान घालून उभी राहिली. नियम बदलावा म्हणून तिनं अर्ज केला. पोच आली, उत्तर आलं नाही.

आता दर शुक्रवारी ती कुसकुसचं, म्हणजे वाफवलेल्या रव्याचं, भांडं घेऊन सी लख्दरांकडे जाते. त्यांची बायको यमिना दारातच हात धरते.

"आज मला नावानं हाक मारली बघ. सुधारतायत ना?"

"आज बरे आहेत," वसिला म्हणते, आणि भांडं आत नेऊन ठेवते.