चुंबक न चिकटणारी भांडी

लग्नानंतर चौदा महिने मी जळगाव जिल्ह्यातल्या एका खेड्यात सासरी राहिले, आणि हे सिल्वासात, मसाटच्या प्लास्टिकच्या कारखान्यात. खोली मिळाली की तुला आणतो, असं दर पत्रात लिहायचे. शेवटी सिल्वासातल्याच आमली भागात खोली मिळाली. तेव्हा नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी येऊन तीन आठवडेही झाले नव्हते, तोच आमच्या ओळीतल्या तिसऱ्या खोलीत रॉकेलचा स्टोव्ह भडकला. माणसाला काही झालं नाही. पडदा जळाला, भिंत काळी झाली आणि घरमालक काकांचं डोकं फिरलं.

त्यांनी संध्याकाळी सगळ्यांना अंगणात बोलावून सांगितलं की महिनाअखेरनंतर एकाही खोलीत ज्योत पेटता कामा नये. स्टोव्ह नाही, गॅस नाही, कोळशाची शेगडी तर नाहीच नाही. ज्याला जमत नसेल त्याने खोली सोडावी. एकट्या पोरांचं काही अडत नव्हतं, ती खानावळीत जेवत. अडलं ते माझं. जेवताना हे खाली मान घालून म्हणाले, तू तोवर गावी जा, मी दुसरी खोली बघतो. ह्यांचं ‘तोवर’ मला पुरेपूर माहीत होतं. चौदा महिने मी त्यातच काढले होते. मी ताट बाजूला सारलं आणि सांगितलं की मी जाणार नाही, ज्योतीशिवाय स्वयंपाक करीन. बोलून बसले खरी, पण तो कसा करायचा ते मला काडीचंही माहीत नव्हतं.

मग सुरू झालं शेगडी निवडणं. आधी मी बाजारातून स्प्रिंगवाली विजेची शेगडी बघून आले. काका म्हणाले, स्प्रिंग लाल होते म्हणजे ती आगच. शिवाय वायर वितळते. मी विचारलं, मग काय उन्हात ठेवून भात शिजवू? त्यावर ते गुजरातीत काहीतरी पुटपुटले आणि निघून गेले. ह्यांनी डोळे वटारले. घरमालकाशी असं बोलतात का, म्हणाले. मी म्हटलं, घरमालक माझ्याशी कसं बोलतात तेही बघा.

ह्यांचा एक गाववाला जवळच्या सायली गावातल्या कारखान्यात होता. तिथे एका नव्याच तऱ्हेच्या शेगड्यांची जोडणी सुरू झाली होती. भाग बाहेरून यायचे आणि इथे नुसते बसवायचे. त्याने सांगितलं की तिच्यात ज्योत नाही, स्प्रिंग नाही, वर नुसती काळी काच. ती चालू असताना काचेवर हात ठेवला तरी भाजत नाही. वर ओरखडा पडलेल्या शेगड्या कारखान्यातल्या माणसांना स्वस्तात मिळत, त्यातली एक तो चार दिवस वापरून बघायला देणार होता. मला त्याचं काही कळेना. हाताला भाजत नाही तर डाळ कशी शिजेल?

"वहिनी, शेगडी गरम होतच नाही," तो म्हणाला. "भांडं गरम होतं."

"मग शेगडी कशाला? भांडंच ठेवते जमिनीवर."

तो हसला, पण त्यालाही नीट सांगता येईना. आत चुंबकासारखं काहीतरी असतं, एवढंच म्हणाला. शेजारी रत्नागिरीकडच्या शिक्षिका राहत, त्यांना मी विचारलं. त्या म्हणाल्या, ह्यातून किरण निघतात, बाईमाणसाने फार जवळ उभं राहू नये. त्या सकाळी पाव आणि दुपारी शाळेतलं काहीतरी खाऊन राहत असल्यामुळे त्यांना कुठलीच शेगडी लागत नव्हती. पलीकडचा धुळ्याचा पोरगा म्हणाला, बिल एवढं येईल की खोलीभाड्यापेक्षा जास्त. काका म्हणाले, आधी डोळ्यांनी बघीन, मग हो म्हणीन. वांग्याचं भरीत कसं करायचं, भाकरी कशावर शेकायची, हे मी गाववाल्याला विचारलं तेव्हा तो म्हणाला, भरीत विसरा. आमच्याकडच्या माणसाला भरीत विसरायला सांगणं काही छोटी गोष्ट नाही. पण गावी परत जाण्यापेक्षा भरीत विसरलेलं बरं, असा मी मनाशी हिशेब केला.

रविवारी शेगडी आली. काका कॉटवर येऊन बसले, शिक्षिकाबाई दारात, किरणांपासून लांब. मी नवीन पातळ नेसले होते, का ते मला आजही सांगता येणार नाही. माहेरच्या भांड्यांतलं सगळ्यात चांगलं स्टीलचं पातेलं काढलं, पाणी घातलं, काचेवर ठेवलं आणि गाववाल्याने दाखवलेलं बटण दाबलं. शेगडी टूं टूं करून ओरडली आणि बंद पडली. परत दाबलं, परत ओरडली. मी दुसरं पातेलं ठेवलं. मग कढई. मग तांब्याचा तांब्या. मग अॅल्युमिनियमचा डबा. भांडं बदललं की ती क्षणभर गप्प राही आणि मला वाटे की आता झालं, आणि तेवढ्यात टूं टूं. मला घाम फुटला. मी बटण चुकीचं दाबतेय असं समजून मी ते जोरात दाबत राहिले. काका उठले आणि खरंच वाईट वाटून म्हणाले, "बेन, नाय चालसे तो गाम जवु पडसे." नाही चालली तर गावी जावं लागेल, एवढं गुजराती मला एवढ्या दिवसांत कळायला लागलं होतं.

गाववाला म्हणाला, "वहिनी, चुंबक आहे का घरात? ज्याला चुंबक चिकटेल तेच भांडं हिच्यावर चालतं."

माहेरच्या स्टीलच्या एकाही भांड्याला ते चिकटणार नाही, हे मला न लावताच माहीत होतं.

आता ही भांडी कशी आली ते सांगायला पाहिजे. माझे बाबा कापसाच्या जिनिंग कारखान्यात रखवालदार होते आणि आई कापूस वेचणीला जायची. दोन हंगामांची वेचणीची मजुरी तिने माझ्या भांड्यांसाठी बाजूला ठेवली होती. बाबांना कुणीतरी सांगितलं होतं की हल्ली स्टीलमध्ये फसवतात, ज्या भांड्याला चुंबक चिकटतं ते हलकं, ज्याला चिकटत नाही तेच अस्सल. झालं. त्यांनी मोडक्या स्पीकरमधलं चुंबक खिशात घातलं आणि मला आणि आईला घेऊन जळगावच्या बाजारात गेले. तीन दुकानं पालथी घातली. प्रत्येक वाटी, प्रत्येक झाकण, पळीसुद्धा. चुंबक चिकटलं की बाबा भांडं हळूच बाजूला ठेवत, नाही चिकटलं की आईकडे बघून मान हलवत. दुकानदार वैतागला. मी तर लाजेने अर्धी झाले होते. पण मोजकीच आणि एकूण एक अस्सल भांडी घेऊन आम्ही घरी आलो. आईने ती राखेने घासून, आपल्या जुन्या लुगड्यात एकेक गुंडाळून माझ्याबरोबर दिली.

आणि आता नेमकी तीच नको होती. इतक्या काळजीने निवडल्यामुळेच एकही चालत नव्हतं. बाबांनी दोन-चार भांडी न बघता घेतली असती तर त्यातलं एखादं चाललं असतं. मग चांगलं स्टील कुठलं, असं मी गाववाल्याला विचारलं. तो म्हणाला, ते पण चांगलंच, पण ह्याला दुसरं लागतं. मला काही समजलं नाही, आणि खरं सांगायचं तर अजूनही पुरतं समजलेलं नाही.

घरात चुंबक चिकटण्यासारखी दोनच भांडी निघाली. एक भाकरीचा लोखंडी तवा, पण तो बुडाला गोलसर होता आणि काचेवर डुलायचा. दुसरं, ह्यांना कारखान्यातून दिवाळीला मिळालेलं पातळ पत्र्याचं पातेलं. त्याला मी पहिल्याच दिवशी नावं ठेवून मोरीत टाकलं होतं, त्यात कपड्यांचा साबण असायचा. ते घासून आणलं, पाणी घातलं, ठेवलं. शेगडी ओरडली नाही. बघता बघता पाण्याला उकळी आली. साबणाचा जरासा वास असलेला चहा मी काकांच्या हातात दिला. त्यांनी काचेच्या कडेला हात लावून बघितला, चहा पिऊन टाकला आणि म्हणाले, "चालसे."

पण साबणाच्या एका पातेल्यात संसार होत नाही. नवी भांडी घ्यायला हातात काही नव्हतं, ती शेगडी विकत घेण्यातच सगळं गेलं होतं. हे म्हणाले, थोडे दिवस वरण-भात एकातच कर, पुढे बघू. मला पुढे बघू ऐकून ऐकून वीट आला होता. हे कामावर गेल्यावर मी माहेरची पातेली, कढई, पळ्या, झाकणं गोणीत भरली आणि आमलीच्या भांड्यांच्या दुकानात नेली. तिथे जुनी देऊन नवी बदलून मिळत. दुकानदाराने एक पातेलं हातात तोललं, बोटाने वाजवलं, आणि विचारलं की एवढा चांगला माल का देताय. मी म्हटलं, मला चुंबक चिकटणारी हवीत. त्याने चांगली चांगली काढून दाखवली, मी एकेकाला गाववाल्याकडून मागून घेतलेलं चुंबक लावून परत केली. शेवटी तो म्हणाला, "बेन, लोग इससे उल्टा करते हैं." मला माहीत आहे, म्हटलं. त्याने माझ्याकडे असं बघितलं की ही बाई घरी काही सांगून आलेली दिसत नाही. ते बरोबरच होतं.

बदल्यात पातळ, हलकी, पण बुडाला सपाट अशी भांडी मिळाली. दुकानदाराने बाबांच्या भांड्यांवर कोरलेलं आमचं नाव घासून टाकायला पोराकडे दिलं, त्या यंत्राचा आवाज मला रस्त्यावरही ऐकू येत होता. मला रडू आलं. मी भर बाजारात रडले आणि घरी येऊन भाताचं आधण ठेवलं. महिनाअखेर उलटून गेली आणि मी सिल्वासातच होते.

पुढच्या मार्गशीर्षात बाबा न कळवता आले. मला धडकीच भरली. मनात मी एक थाप तयार केली होती की भांडी सासरी माळ्यावर जपून ठेवलीयत. ते हातपाय धुऊन स्वयंपाकाच्या कोपऱ्याशी बसले, शिजत असलेलं वरण बघितलं, आणि पातेल्याच्या काठावरून अंगठा फिरवला. चुंबकाची त्यांना गरज पडली नाही. त्यांनी फक्त विचारलं, आपली कुठं आहेत?

थाप तोंडातून निघालीच नाही. मी सगळं सांगितलं. काकांचं, ह्यांच्या ‘तोवर’चं, शेगडी कशी ओरडली तेही. सांगताना मलाच ते खोटं वाटायला लागलं. बाबांचा चेहरा इतका गोंधळलेला मी कधी पाहिला नव्हता. त्यांनी काचेवर हात ठेवला, काढला, पातेल्याला लावून बघितला आणि चटकन मागे घेतला.

"म्हंजे त्या चांगल्या भांड्यांनी तुले परत धाडलं असतं?"

"हो, बाबा."

त्यांनी मान हलवली. पोटभर जेवले, दुसऱ्यांदा वरण मागून घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी एसटीसाठी निघाले तेव्हा दारात थांबून म्हणाले, "तुह्या आईले काही कळवू नको. मी सांगतो तिले, रोज वापरते म्हणून."

आई त्यानंतर सात वर्षं होती. तिची माझी भेट झाली की ती विचारायची, पातेली राखेनेच घासतेस ना? बाबा माझ्याकडे बघायचे, आणि मी हो म्हणायचे.