सात नंबरची लाइफबोट

जपानमध्ये घासाघीस चालत नाही, असं योकोहामात पाऊल ठेवल्यापासून मला सगळे सांगत आले आहेत. चालते. फक्त आवाज खाली ठेवावा लागतो आणि समोरच्याला आधी दोन-तीनदा वाकू द्यावं लागतं. डब्यांच्या कारखान्यात पार्टटाइम भात भरताना हे मी शिकले, मग घरून चिवडा-भाजणी विकताना, मग स्टेशनमागे स्वतःचं किराणा दुकान थाटताना. नवऱ्याच्या व्हिसाला चिकटून मी इथे उतरले होते. आता त्याच्या ऑफिसातले लोक कुठली डाळ शिजते आणि कुठली नाही ते मला विचारून घेतात. मला कुणी गुंडाळलं तर ते मी विसरत नाही. त्या ट्रॅव्हल एजंटला तर नाहीच नाही.

दुकानाबरोबर मी वर्षातून एकदा इथल्या मराठी कुटुंबांची सहल काढते. काही वर्षांपूर्वी मेच्या सुट्टीत मला धरून चोवीस जणांची क्रूझ ठरवली. योकोहामाहून निघायचं, दक्षिणेची बेटं बघायची, सहाव्या दिवशी परत. त्याच सुमारास बाबा मुंबईहून पहिल्यांदाच माझ्याकडे येणार होते, म्हणून चोवीसात त्यांनाही धरलं.

बाबा चौतीस वर्षं मुंबईच्या गोदीत फिटर होते. दुरुस्तीला आलेल्या जहाजात सकाळी शिडीने खाली उतरायचे, संध्याकाळी काळे होऊन वर यायचे. जहाज बरं झालं की ते निघून जायचं आणि बाबा दुसऱ्या जहाजात उतरायचे. समुद्रावर असलेल्या जहाजात त्यांनी एक तासही काढलेला नव्हता. मी फोनवर विचारलं, "काय बघायचंय जपानमध्ये? फुजी? बुलेट ट्रेन?"

"बोटीच्या खिडकीतून जमीन येताना बघायचीय," ते म्हणाले. "आम्ही नेहमी जमिनीवरून बोट येताना बघितली."

म्हणजे मागणी किती साधी! मी त्यांना शब्द दिला आणि एजंटकडे गेले. तो मऊ आवाजाचा, कोट घातलेला तरुण मुलगा होता. त्याला मी दोन तास बसवलं. भाडं कमी करून घेतलं, सामान घरून परस्पर बोटीवर पोचवून घेतलं, मुलांना आइस्क्रीम फुकट करून घेतलं. त्याने खोलीचा फोटो दाखवला. दोन पलंग, मध्ये दिवा, त्यामागे निळा पडदा. मी सगळं विचारलं, खिडकी आहे का एवढं मात्र विचारलं नाही. पडदा दिसत होता की! भिंतीला पडदा कोण लावतं?

निघायच्या दिवशी धक्क्यावर आमची माणसं सेल्फी काढत होती आणि बाबा मान वर करून बोटीच्या नाकाकडे बघत होते.

"ही रशियन आहे," ते म्हणाले.

"बाबा, कागदावर भलताच देश लिहिलाय."

"कागद राहू दे. नावाखाली बघ."

पांढऱ्या रंगाखाली आधीच्या अक्षरांचे वेल्डिंगचे वळ दिसत होते. एकावर एक दोन नावं, खालचं रशियन लिपीतलं. मग त्यांनी हाताने नाकाची कड दाखवली. "हे नाक उघडायचं. जबड्यासारखं. मोटारी इथून आत शिरायच्या. सोव्हिएत काळातली फेरी आहे ही, माणसं आणि गाड्या एकदम नेणारी. असली एक आमच्याकडे आली होती. पुढे कुणीतरी विकत घेऊन नाक कायमचं बंद केलंय." थोडं थांबून म्हणाले, "काम मात्र चांगलं केलंय."

आत शिरलो तर स्वागताला व्हायोलिन, झुंबर, पितळी कठडे. लिफ्ट मात्र खाली निघाली. आणखी खाली. माझी मुलगी दहा वर्षांची. मराठीत विचारलं तरी जपानीत उत्तर देते. ती उतरत्या मजल्यांचे आकडे मोठ्याने वाचत होती. खोलीत गेल्यावर मी आधी पडदा ओढला. मागे भिंत. फिक्या पिवळ्या रंगाची, स्वच्छ पुसलेली भिंत, आणि वर उजेड पडावा म्हणून एक ट्यूबलाइट.

बाबांनी भिंतीवर बोटाने टकटक केलं. मग पायाच्या अंगठ्याने गालिच्याचा कोपरा उचलला. खाली बशीएवढा लोखंडी खळगा होता.

"यात साखळी अडकवायचे, गाडी हलू नये म्हणून," ते म्हणाले. "आपण मोटारींच्या मजल्यावर आहोत, बये." आणि हसायला लागले. "चौतीस वर्षं पगार घेऊन खाली उतरलो. आता तिकीट काढून!"

ते चिडले असते तर मला चाललं असतं. ते हसले, म्हणून माझं डोकं फिरलं. बोट सुटायच्या आत मी एजंटला फोन लावला. त्याने चार वेळा माफी मागितली, फोनवरसुद्धा वाकत असणार, आणि पाचव्यांदा हळूच म्हणाला, "पण आपण खिडकीबद्दल विचारलं नव्हतं." हे वाक्य माझ्या कानात अजून आहे.

बोटीवर खोल्या, तक्रारी आणि जेवणाच्या पाळ्या सांभाळायला एक पर्सर होती. साठीची रशियन बाई, तांब्याच्या तारेसारखे केस, चष्म्याला साखळी. ती एकोणिसाव्या वर्षी याच बोटीवर लागली होती, फेरी असताना, प्रवाशांना घोंगड्या आणि चहाचे ग्लास वाटायला. देश फुटला, बोट विकली गेली, तिच्यात जुगाराचा अड्डा झाला, मग क्रूझ झाली, आणि ही बाई दर वेळी फर्निचरबरोबर पुढच्या मालकाकडे गेली. ती बोलायची मोडकं जपानी आणि मीही मोडकं जपानी, त्यामुळे आमचं चांगलं जमलं.

"खिडकीची खोली रिकामी नाही," ती म्हणाली.

तिच्या कोपराखाली तक्रारीच्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा होता. उलटं वाचायला मी दुकानात शिकले आहे. जेवणघर फेरीच्या काळातलं, लहान, म्हणून जेवणाच्या दोन पाळ्या: साडेपाच आणि आठ. सगळ्या जपानी आजी-आजोबांना साडेपाच हवी होती आणि आठ मिळाली होती. आम्हाला मिळाली होती साडेपाच. साडेपाचला आमची माणसं चहा पितात. जेवणाची वेळ बघून त्यांनी सकाळीच माझं डोकं खाल्लं होतं.

मी छातीवर हात ठेवला. "आमच्यात लहान मुलं आहेत, म्हातारी माणसं आहेत. साडेपाचची पाळी सोडणं फार जड जाईल. पण तुमची अडचण बघवत नाही. चोवीस खुर्च्या देते. माझ्या वडिलांना एक खिडकी द्या."

तिने माझ्याकडे बघितलं, चिठ्ठ्यांकडे बघितलं, सुस्कारा सोडला आणि खणातून किल्ली काढली. मी लिफ्टने वर जाताना गाणं गुणगुणत होते.

वरच्या मजल्यावरची खोली झकास होती. पडदा ओढला, खरी खिडकी! आणि खिडकीभर नारिंगी रंग. बाहेर लाइफबोट टांगलेली होती, तिचं पोट काचेला लागेल इतकं जवळ, त्यावर हा एवढा मोठा ७ आकडा. समुद्र सोडा, आकाशाचीसुद्धा चिंधी दिसत नव्हती.

मी पुन्हा खाली.

"तुम्ही खिडकी मागितली होती," पर्सर म्हणाली. "समुद्र मागितला नव्हता."

त्यावर मी मराठीत जे बोलले ते इथे लिहीत नाही. ती रशियनमध्ये बोलली, साधारण तेवढंच लांब. रांगेतले आजी-आजोबा गालिच्याची नक्षी बघत उभे राहिले. दोघींचा दम संपल्यावर तिने चष्मा पुसला आणि म्हणाली, "आणि तुझी माणसं साडेपाचला चहा पितात. चाळीस वर्षं बोटीवर आहे मी. भारतीय लोक कधी जेवतात ते मला माहीत आहे."

तेव्हापासून आम्ही एकेरीवर आलो.

बाबांची तक्रार नव्हती, हेच माझं दुखणं. दोन दिवस ते खुर्ची टाकून त्या लाइफबोटीकडे बघत बसले. "दोर नवे आहेत," मला सांगायचे, "पण कप्पीला ग्रीस कमी आहे." डेकवर चला म्हटलं तर गुडघे आणि वारा. मी म्हणायची, बदलून घेते खोली. ते म्हणायचे, "किती भांडशील गं? तुझी आईसुद्धा इतकं भांडत नव्हती." बोट दोनदा बंदराला लागली आणि दोन्ही वेळा जमीन आली ती नारिंगी पोटाच्या पलीकडे.

तिसऱ्या दिवशी जेवताना घोषणा झाली. उद्याच्या बेटावर धक्का लहान आहे, बोट बाहेर नांगर टाकेल आणि प्रवाशांना छोट्या बोटींतून किनाऱ्यावर नेतील. बाबांनी भातात सूप कालवता कालवता विचारलं, "छोट्या म्हणजे याच ना, टांगलेल्या?"

मी ताट तसंच टाकून उठले.

"कुठल्या उतरवणार?" मी पर्सरला विचारलं.

"सहा आणि आठ. नेहमी त्याच."

"सात उतरव."

तिने कारण विचारलं नाही. "कुठली उतरवायची ते चीफ ऑफिसर ठरवतो. तो मी घातलेल्या काकड्यांच्या लोणच्याशिवाय जेवत नाही, म्हणजे बोलून बघता येईल. पण तुझी माणसं सगळीकडे शेवटी येतात आणि मागची अख्खी रांग तुंबते. उद्या पहिल्या फेरीत तुम्ही. सकाळी साडेसहा, दारापाशी, लाइफ जॅकेटं घालून, सगळे. एक जरी कमी असला तर आठ नंबर."

बाबा उतरणार नव्हते, म्हणजे तेवीस. या वेळी मी जे देत होते ते खरोखर माझ्याजवळ नव्हतं. तेवीस मराठी माणसं, सुट्टीत, साडेसहाला!

जेवण झाल्यावर मी सगळ्यांना गोळा केलं आणि आधी दम दिला.

"ताई, मी ऑफिसलाच साडेनऊला जातो," एक इंजिनियर म्हणाला.

"आणि अंघोळ?" त्याची बायको.

"समुद्रात करा."

"चहा झाल्याशिवाय मला काही होत नाही हो," एक काकू म्हणाल्या. त्यांना काय होत नाही ते सगळ्यांना कळलं आणि हशा पिकला. मी चिडले, दंड घेईन म्हटलं, पुढच्या सहलीला नेणार नाही म्हटलं. कुणी मनावर घेतलं नाही. शेवटी नाइलाजाने मी खरं ते सांगितलं: बाबांच्या खिडकीसमोरची होडी हलायला हवी, त्यांना जमीन बघायचीय.

मग त्याच काकू म्हणाल्या, "अगं, मग हे आधी सांगायचं की! पाचला उठवते एकेकाला."

एक गोष्ट मात्र कुणाच्या हातात नव्हती. बाबांनीच सहज बोलता बोलता सांगितलं होतं, की नांगर टाकलेलं जहाज वाऱ्याकडे तोंड करून उभं राहतं. वारा फिरला, तर बेट बाबांच्या खिडकीच्या उलट्या बाजूला जाणार. पावणेसहाला मी डेकवर जाऊन उभी राहिले. साखळी खडखडत खाली गेली. बेट समोर होतं, हिरवंगार, पायथ्याशी चार-दोन घरं. वाऱ्याशी काय बोलणार? मी कठडा धरून उभी राहिले आणि बोट आपल्या मर्जीने, अगदी सावकाश, वळत गेली. बेट उजवीकडे सरकलं. सात नंबर उजवीकडेच होती.

सहा पंचवीसला दारापाशी बावीस माणसं. इंजिनियर नव्हता. त्याची बायको म्हणाली, "चार्जर शोधतोय." पर्सर हातातल्या घड्याळाकडे बघत होती. मी त्या माणसाला मनात ज्या शिव्या दिल्या त्या त्याने बहुतेक ऐकल्या, कारण तो पळत आला, जॅकेट उलटं, एका पायात मोजा. भिंतीवरच्या घड्याळात सहा एकतीस झाले होते.

पर्सरने आपलं घड्याळ बघितलं, मग मला बघितलं.

"माझं दोन मिनिटं मागे आहे," ती म्हणाली आणि वॉकीटॉकीत रशियनमध्ये काहीतरी बोलली. वर कप्प्या किरकिरल्या. ग्रीस खरंच कमी होतं.

नारिंगी पोट हळूहळू खाली आलं आणि पाण्याला टेकलं. आम्ही तेवीस जण खालच्या दारातून एकमेकांचे पाय तुडवत तिच्यात चढलो. बोटीपासून शंभरेक हात लांब गेल्यावर मी मागे वळून बघितलं. लाइफबोटींच्या रांगेत एक जागा दात पडल्यासारखी मोकळी होती आणि त्या जागी बाबांची खिडकी. बाबा बनियनवर उभे होते, हातात चहाचा ग्लास.

"काका! ओ काका!" सगळे ओरडायला लागले. काकूंनी ओढणी हलवली, इंजिनियरने उरलेला मोजा हलवला. त्या खिडक्या उघडत नाहीत, आवाज जाणं शक्यच नव्हतं. पण खाली बघितलं असतं तर आम्ही दिसलो असतो. त्यांनी बघितलं नाही. ते आमच्या डोक्यांवरून बेटाकडे बघत होते. ग्लास ओठांपाशी नेलेला तसाच राहिला होता.

"आजोबा रागावलेत का?" मुलीने जपानीत विचारलं.

"नाही," मी म्हटलं. "कामात आहेत."