डाग कुठवर जातो

“आजी, हातातलं खाली ठेवा,” असं ती म्हणाली, तेव्हा माझ्या मुठीत डागाळलेल्या भाताची शेवटची रोपं होती. बाकीची उपटून बांधावर टाकून झाली होती. बाईचं तोंड पांढरं पडलं.

तुमच्यापैकी माकुणसारच्या लोकांनी तिला पाहिलं असेल. बोईसरला खोली घेऊन राहायची, भाताच्या रोगांवर काम करायची. पान उन्हाकडे धरून एक डोळा मिटायची. काहीही विचारा, उत्तर एकच: “बघू, डाग कुठवर जातो.” माझ्या नातीचं लग्न कधी जमेल विचारलं, तरी तेच.

सासूचं जुनं बियाणं माझ्याकडेच उरलं होतं. ते सगळं एका वाफ्यात लावलेलं, घरात दाणा शिल्लक नव्हता. शेजारच्या शेतात करपा आला, तशी ती रोज येऊ लागली. करप्याला पुरून उरणारी रोपं तिला त्यात शोधायची होती.

त्या सकाळी काही पानांवर टाचणीच्या टोकाएवढे तपकिरी ठिपके दिसले. रोगट रोप दिसलं की उपटायचं, हे मला सासूने शिकवलेलं. उपटलं.

“ती आजारी नव्हती, आजी. लढत होती.”

मग तिने सांगितलं. करप्याच्या बुरशीला आधी जिवंत पेशी लागते. ज्या रोपाला आईबापाकडून बुरशीची ओळख मिळालेली असते, ते बुरशी शिरताच तिच्या आसपासच्या आपल्याच पेशी मारून टाकतं, तिथे विष तयार करतं. तपकिरी ठिपका तो हाच. बुरशी उपाशी मरते. ओळख नसलेलं रोप आणखी काही दिवस हिरवंगार दिसतं, मग करपतं.

“मग आदी सांगायला काय झालेलं?” मी म्हटलं.

“चुकलं माझं.” तिने सलवार गुडघ्यापर्यंत खोचली. “भात उपटून लावायचंच पीक ना?”

“मुळं सुकली नाय तर लागेल.”

दोघींनी लावली. तिने प्रत्येक ठिपक्याच्या दोन्ही बाजूंना शाईची रेघ मारली. रोज पेनाचं टोपण चावत त्या रेघा बघायची. तिच्यासमोर मी बडबडत राहायचे. ती गेली की मीही वाकून बघायचे.

“कुठवर गेला?”

“रेघेच्या आत आहे.”

हिरव्या रोपांवर मात्र राखाडी डाग पडले, ते पानभर पसरले.

कापणीनंतर तिचं काम संपलं. एक लोंबी तिने नेली, बाकी बियाणं मला ठेवलं. पुन्हा आली नाही.

उपटलेल्यांतली सात रोपं जगली. मी राखलेलं एकही जगलं नाही.