फोन मोटारीला, आईला नाही

मखमलाबादच्या मळ्यात गोजराबाईच्या वाटेला कुत्रंसुद्धा जात नाही. मी जातो, कारण आमचा बांध एकच आणि मला शिव्या पचतात. चाळीस वर्षं कोथिंबीर पिकवणारी ही बाई पाणी द्यायचं की नाही, ते मातीत बोट खुपसून ठरवते. म्हणजे ठरवायची. गेल्या महिन्यात तिच्या दीपकने विहिरीच्या मोटारीला मोबाईल स्टार्टर बसवला. तो अंबडच्या कारखान्यातून फोन लावतो, की इकडे मोटार सुरू. स्टार्टरला नंबर फक्त त्याचाच दिलेला. जास्त पाण्याने एक वाफा पिवळा पडला, दुसरा त्याच वाटेवर.

अशात सुटीच्या दिवशी कॉलेजची हर्षाली फॉर्म घेऊन आली. तंत्रज्ञानाने माणसाच्या मनाची भूक किती भागते, ते तिला मोजायचं होतं. एक ते पाच मार्क. तिला गोजराबाईचं घर मीच दाखवलं. फुकटची मजा कोण सोडतो?

"आजी, या स्टार्टरमुळे आपल्या मर्जीने काम करता येतं असं वाटतं?"

"पाच लिहा," खाटेवरून दीपक म्हणाला.

"हे आपल्याला चांगलं जमतं, असं वाटतं?"

"पाच."

"तुला विचारलं का रे तिने?" गोजराबाई कडाडली.

हर्षालीने घाईघाईने तिसरा प्रश्न वाचला, "आपली माणसं जवळची वाटतात?"

"दिवसातून दोनदा फोन करतो हा. मोटारीला! मला नाय. लिही शून्य."

"शून्य नाहीये, आजी. एकपासून सुरू होतं."

"मग फाड तो कागद!"

"आई, लोकांसमोर तमाशा नको," दीपक उठून बसला.

"मी कुठला लोक? मी शेजारी," मी म्हणालो.

"दत्त्या, गप!" दोघंही ओरडले. माय-लेकांचं महिन्याभरात तेवढंच एकमत.

गोजराबाई तरातरा विहिरीवर गेली. मेन स्विच पाडला, पेटीतला फ्यूज उपसला आणि पदराच्या गाठीत बांधला.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिचा फोन वाजला. तिने स्पीकरवर घेतला. मी बांधावर कान टवकारूनच होतो.

"आई, मोटार लागत नाय. फ्यूज लाव."

ती उकिडवी बसली, मातीत बोट खुपसलं. "ओली हाय. परवा विचार." आणि फोन कट.

"मावशी, आता किती मार्क?"

पहिलं ढेकूळ माझ्या कानाजवळून गेलं. दुसरं नेमकं लागलं.