पैलवानांचा बैल

सत्तर-एकाहत्तर साली काष्टीच्या बैलबाजारात एक दलाल होते. सगळे त्यांना पैलवान म्हणत. बैलाचे दात बघून ते वय सांगायचे, आणि माणसाशी बोलतानाही त्यांची नजर तोंडाकडेच असायची.

एकदा कर्णा घेऊन तेल विकणारा नवखा माणूस थेट त्यांच्यापुढेच थांबला. "बाबा, तुमच्या वयाला गुडघं दुखत्यात. खास म्हाताऱ्यांसाठी त्याल हाय."

पैलवानांना 'बाबा' म्हटलेलं कुणी ऐकलं नव्हतं. आता हाणामारी होणार म्हणून ती बघायला मी पुढे घुसलो. पैलवानांनी शांतपणे त्याची हनुवटी धरली. "आ कर."

गडबडून त्यानं खरंच आ केला.

"समदे दात आल्यात, जुळलाय गडी. आता उतरनीलाच लागायचा. आदी ह्यालाच चोळा."

बाजार हसून लोळला. मी तर शिट्टीच मारली.

हशा ओसरला, तसा पैलवानांनी उपरण्याखाली त्याचा हात धरला. बैलाचा भाव जसा बोटं दाबून गुपचूप ठरतो, तसा तेलाचा ठरला. बाटली खिशात टाकत ते मला म्हणाले, "बैलाच्या गुडघ्याला."

आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांचेच बैल विकले. स्वतःचा त्यांच्याकडे एकही नव्हता.