गुलाबाचा फवारा

मुलांनो, आज आमच्या सोसायटीच्या लिफ्टमध्ये कुणीतरी गुलाबाचा फवारा मारला होता, त्या वासाने मला इतकी किळस आली की वर येऊन तुम्हाला हे लिहायला बसले. सरकारी नोकरीतून निवृत्त झाल्यावर मी नोएडातल्या एका नव्या कंपनीत सॉफ्टवेअर तपासायचं काम धरलं होतं. बाहेरच्या लोकांनी मिळून बनवलेलं, सर्वांना खुलं असलेलं, फुकट मिळणारं सॉफ्टवेअर व्यापाऱ्यांकडे बसवून द्यायचं, हा कंपनीचा धंदा. काचेच्या त्या चकचकीत ऑफिसात तुंबलेल्या संडासाचा वास कायम असे, आणि ग्राहक येणार म्हटलं की साहेब संडास साफ करून घेण्याऐवजी हाच फवारा मारत. त्या दिवशी गाझियाबादचे औषधांचे एक घाऊक व्यापारी आले होते. मी त्यांच्यासमोर एका औषधाची मुदत संपण्याची तारीख भरून ‘सेव्ह’ दाबलं, हिरवा संदेश आला, पण नोंद पुन्हा उघडली तर तारीख गायब. आमची आपोआप चालणारी तपासणी नुसता तो हिरवा संदेश बघायची. “मॅडम, हरा आ गया ना? पास लिखिए,” साहेब म्हणाले. “सर, तारीख नहीं है.” “अरे, तारीख कौन देखता है?” व्यापाऱ्यांनी चहाचा कप खाली ठेवला. “मैं देखता हूँ, साहब. दवाई मेरे यहाँ से जाती है.” ते निघून गेले, आणि साहेबांनी पुढच्या ग्राहकासाठी हसतहसत फवारा उचलला. मी ‘पास’ लिहिलं नाही. नोंद पुन्हा उघडून तारीख वाचणारी तपासणी लिहिली आणि ते सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांकडे पाठवून दिली. कंपनी केव्हाच बंद पडली. ती तपासणी त्या सॉफ्टवेअरमध्ये अजून चालते.